दारापर्यंतचा नकाशा

वर्गात अकरा जण होते. त्यातल्या दहा जणांची नोकरीची वर्षं एकत्र केली तरी एकट्या फूटपट्टीची त्याहून जास्त भरली असती. फूटपट्टी हे नाव तिला वर्गानेच पहिल्या आठवड्यात ठेवलं, कारण फळ्यावर कोणी तिरकी रेघ ओढली की ही उठून ती पुसायची आणि सरळ करून मगच जागेवर बसायची. ती अडतीस वर्षांची होती. पंधरा वर्षं तिने नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढले होते. गटार कुठून जातं, रस्ता किती रुंद आहे, कोणाची भिंत कोणाच्या हद्दीत दोन बोटं सरकली आहे, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. पण त्या भिंतीच्या आत कोण राहतं ते मात्र पंधरा वर्षांत एकदाही विचारावं लागलं नव्हतं. तीच रुखरुख लागून राहिली, आणि एक दिवस राजीनामा देऊन तिने विद्यापीठात समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं.

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि हातातलं शिवण खाली ठेवलं.

"म्हणजे लोकांशी चांगलं वागायला आता डिग्री लागते होय?"

"तसं नाही आई. नुसतं चांगलं वागून भागत नाही कधीकधी."

"मी चाळीस वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघतेय. मला नाही कोणी मार्कशीट दिली."

"तुम्हाला परीक्षेशिवायच पास केलं ना."

सासूबाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सुनेचा डबा त्यांनीच भरून ठेवला. त्यांचा होकार असाच असायचा.

विभाग म्हणजे ग्रंथालयाच्या पाठीमागच्या तीन खोल्या. तिथल्या मुख्य शिक्षिकेला सगळे नुसतं बाई म्हणत. साठीच्या, अंगाने बारीक, आवाज इतका हळू की अकरा जणांना पुढे वाकूनच बसावं लागे. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या स्वतः केर काढत आणि खुर्च्या गोलात मांडत. शिपायाने कितीदा तरी विनवलं, पण त्यांनी तो नेम मोडला नाही. "तेवढ्या वेळात मला वर्ग आठवतो," म्हणायच्या. "प्रत्येक खुर्ची उचलली की त्या माणसाचं कालचं बोलणं आठवतं."

बाईंचा एक दंडक सगळ्या विद्यापीठात माहीत होता. लोकांकडून जे घेतलं, ते आधी लोकांना दाखवायचं, मग परीक्षकांना. त्यासाठी सत्राच्या शेवटी एक दाखवण्याचा दिवस असे. विद्यार्थी ज्या वस्तीत काम करत, तिथल्याच सभागृहात आपलं काम भिंतीवर लावत. कोणीही यावं, बघावं. आपल्याबद्दलचं काही नको वाटलं तर काढून घ्यावं. का काढलं, असं विचारायचं नाही. सात वर्षं हा नियम चालू होता आणि त्याचं कौतुक करायला बाहेरगावचे प्राध्यापक येऊन जात.

त्या वर्षी वर्गाला मिळाली होती इस्पितळाच्या कामगारांची वसाहत. सहा गल्ल्या, चौऱ्याऐंशी घरं. कोणत्या गल्लीत कशाची नड आहे ते शोधायचं होतं. म्हातारं माणूस एकटं आहे का, पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढतं का, घरात लिहितावाचता येणारं कोणी आहे का. बाईंनी सांगितलं होतं, "गल्लीपर्यंत काढा. गल्लीत किती घरं, एवढं पुरे."

फूटपट्टीने ऐकलं. पण गल्लीवर नुसता आकडा टाकून मोकळं होणं तिच्या हाताला जमेना. अर्धवट नकाशा म्हणजे तिला दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटे. दोन महिने खपून तिने एकेक दार काढलं. जिना डावीकडून चढतो की उजवीकडून, कोणाच्या गॅलरीत कुंडी आहे, कोणाची पायरी मोडकी आहे. मग प्रत्येक दारावर रंगीत ठिपके. नकाशा विभागात आला तेव्हा बाकीच्या दहा जणांनी आपापली कामं गुंडाळून पिशवीत घातली. बाईंनीसुद्धा तो बराच वेळ बघितला, आणि "हात आहे तुझा" एवढंच म्हणाल्या.

त्या चौऱ्याऐंशी दारांपैकी एक दार घडीमावशीचं होतं.

घडीमावशी इस्पितळाच्या धुलाईघरात होती. आधीची दहा वर्षं ओल्या बाजूला, म्हणजे धुण्याकडे. मनगटं तिथेच कामातून गेली. पुढची एकोणीस वर्षं कोरड्या बाजूला, वाटणीच्या टेबलावर. धुऊन वाळून आलेले कपडे घडी करायचे आणि चौदा वॉर्डांच्या चौदा फळ्यांवर बरोबर लावायचे, हे काम. प्रत्येक कपड्यावर वॉर्डाच्या नावाची पट्टी शिवलेली असायची. तिचे हात इतके झपझप चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, ही पट्ट्या वाचत नाही, नुसती ओलांडून जाते.

तसंच होतं ते. फूटपट्टीने तिला माहितीच्या कागदावर सही करायला सांगितली तेव्हा मावशीने कागद हातात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"चष्मा आणू का आतून?" फूटपट्टीने विचारलं.

"चष्मा आणून काय करतेस. तो कागद माझ्याशी बोलत नाही." मावशीने दाराबाहेर बघून घेतलं. "तू परकी आहेस म्हणून सांगतेय. धुलाईघरात कोणाला माहीत नाही. घरातल्यांना माहीत होतं, ते सगळे गेले. कुठे बोलू नकोस हं."

फूटपट्टी बोलली नाही. तिने कुठे नाव लिहिलं नाही की घर नंबर टाकला नाही. फक्त त्या दारावर एक निळा ठिपका दिला. मनात तिला वाटलं, ठिपक्याला कुठे तोंड असतं.

दाखवण्याच्या दिवशी सभागृह भरून गेलं. लोक नकाशापाशी येऊन आपलं घर शोधत आणि सापडलं की दुसऱ्याला हाक मारत. "ही बघा आमची खिडकी. हिचं दार लागत नाही, तेसुद्धा काढलंय बघ." एका रखवालदाराने स्वतःचं घर सापडल्यावर नकाशातल्या दारावर टकटक केलं आणि सगळे हसले. फूटपट्टी कोपऱ्यात उभी होती. पंधरा वर्षं तिच्या नकाशांवर नुसते शिक्के पडले होते. त्यांच्याकडे बघून कोणी हसलं नव्हतं. 

पाळी संपवून घडीमावशी आली. बरोबर धुलाईघराच्या मुकादमबाई होत्या. मावशीने चित्रावरून गल्ली ओळखली, कोपरा ओळखला आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, माझी पायरी. मुकादमबाई, ही बघा, कोपरा तुटलाय तो तुटकाच काढलाय पोरीने." तिने बोट पुढे नेलं आणि ते ठिपक्यावर थांबलं. "आणि हा निळा टिपका काय गं? शेजारणीला नाही दिलास. मलाच का?"

फूटपट्टी ठिपक्याकडेच बघत राहिली. मुकादमबाईंना वाटलं, पोरीचं लक्ष नाही. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, नकाशाच्या कडेला रंगांचा खुलासा लिहिला होता तो शोधला आणि मदत म्हणून मोठ्याने, स्वच्छ वाचला. "निळा. ज्या घरात लिहितावाचता येणारं कोणी नाही."

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं.

धुलाईघरातल्या सहासात जणी तिथेच होत्या.  घडीमावशीने बोट हळूच मागे घेतलं, पदराला पुसलं, जणू रंग ओला होता.

"असं होय," ती म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी धुलाईघराच्या मॅनेजरांपर्यंत पोचली होती. माणूस दुष्ट नव्हता. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत भलती चादर गेली तर जाब त्यांनाच द्यावा लागे, आणि वाटणीच्या टेबलावर वाचता येणारं माणूस हवं, असं नियमात लिहिलेलं होतं. त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं, दोन आठवड्यांनी सोमवारी बघू. तोवर कर काम. नाहीतर मग ओल्या बाजूला जागा आहे. ओल्या बाजूला म्हणजे भिजलेल्या चादरींचे गठ्ठे उचलणं. मावशीच्या मनगटांना ते आठ दिवसही झेपलं नसतं. नोकरीच सोडावी लागली असती, आणि नऊ वर्षांनी मिळायची पेन्शनही तिथेच राहिली असती.

वर्ग गोलात बसला होता. नकाशा खाली उतरवून भिंतीला टेकून ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून.

"पण नियम होता ना," एक दाढीवाला विद्यार्थी म्हणाला. "नको असेल तर काढून घ्या. मावशींनी ठिपका काढायचा होता."

"काढायला आधी कळायला तर हवं कशाचा आहे," त्याच्या शेजारची म्हणाली.

 बाई नेहमीपेक्षाही हळू बोलल्या, सगळे पुढे वाकले. "म्हणजे वाचता येत नाही हे आपण लिहून भिंतीला लावलं, आणि म्हटलं, वाचून नको वाटलं तर काढा. हा नियम वाचणाऱ्यांचाच होता. सात वर्षं मी तो मिरवतेय आणि मला दिसलं नाही. नकाशा दारापर्यंत आला तेव्हाही मी हिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. सुंदर होता म्हणून भुलले."

फूटपट्टीला रडू येत होतं. बाईंनी दोष स्वतःकडे ओढून घेतला म्हणून जास्तच. "मी जाते," ती म्हणाली. "पाय धरून माफी मागते."

"जा. पण माफी मागायला जाऊ नकोस."

"म्हणजे?"

"माफी मागितलीस की तिला ती द्यावी लागणार. आधीच तिच्या डोक्याला इतका ताप, त्यात तुझं समाधान करायचं आणखी एक काम. काय मोडलं ते विचार. आणि दार नाही उघडलं तर उद्या त्याच वेळेला परत जा."

पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "मला काम आहे." तिसऱ्या दिवशी काहीच आवाज आला नाही, पण खिडकीचा पडदा हलला. बाईंनी मग मुकादमबाईंशी बोलून घेतलं आणि चौथ्या दिवसापासून फूटपट्टीला धुलाईघरात उभं केलं, घडी करायला. वही दाराबाहेर ठेवायची. प्रश्न विचारायचे नाहीत. इस्पितळाच्या चादरी दोघींनी मिळून घडी करायच्या असतात, एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. मुकादमबाईंनी तिला बरोबर घडीमावशीसमोर उभं केलं आणि स्वतः तिथून निघून गेल्या.

मावशीने चादर उचलली. दोन टोकं हातात घेतली. उरलेली दोन हवेत तशीच होती. फूटपट्टीने ती धरली.

त्या दिवशी दोघींनी मिळून दोनशेच्या वर चादरी घडी केल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर फूटपट्टीचे खांदे भरून आले होते. सासूबाईंनी तेल गरम करून आणलं आणि चोळता चोळता म्हणाल्या, "दीड वर्ष विद्यापीठात घातलंस, आणि चादरीची घडी करायला शिकलीस."

"अजून नाही आली नीट."

"दिसतंच आहे. ती दोरीवरची घे बघू खाली, आत्ताच बघते तुझी घडी." मग चेष्टा बाजूला ठेवून विचारलं, "बोलली का ती बाई?"

"नाही."

"उद्या परत जायचंय?"

"हो."

"बाई तुमच्या शहाण्या आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि हा शब्द त्या सहसा कोणाला वापरत नसत.

पाचव्या दिवशी मावशी बोलली. "कडेला कड लाव. मध्यभाग बघत बसू नकोस, तो आपोआप येतो." सहाव्या दिवशी तिने विचारलं, "तुला झोप लागते का गं?" फूटपट्टी म्हणाली, नाही. "मलाही नाही," मावशी म्हणाली. मग चादरीच्या पलीकडून, डोळ्याला डोळा न देता, तिने काय मोडलं ते सांगितलं. टेबल जाईल ते एक. पण आता मुली तिच्यासमोर हळूहळू बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. काल एकीने तिला भिंतीवरची वेळ सांगितली. "घड्याळ कळतं गं मला. एकोणीस वर्षं मी तिलाच उशिरा येते म्हणून बोलतेय."

फूटपट्टीने त्या संध्याकाळी बसून मॅनेजरांना अर्ज लिहिला. चार पानं. त्यात कामगाराचे हक्क होते, न्याय होता, दोन कायद्यांची कलमं होती. बाईंनी वाचला. "मुद्देसूद आहे. तिला वाचून दाखवलास?"

दुपारच्या सुट्टीत फूटपट्टीने तो धुलाईघरामागच्या ओट्यावर वाचून दाखवला. मावशी चहा पीत ऐकत होती.

"ही कोण बाई आहे?" संपल्यावर तिने विचारलं.

"तुम्हीच मावशी."

"वयस्कर, निरक्षर, एकाकी, आधार नसलेली." मावशीने एकेक शब्द बोटांवर मोजला. "वाईट वाटलं ऐकून. मला भेटली तर चहा पाजेन तिला. पण टेबल नाही देणार तिच्या हातात. तूच सांग, तू देशील?"

फूटपट्टीने पानं खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची रेघ तिरकी दिसली आणि ती पुसायला हात उचलेना.

"मग काय करू?" हा प्रश्न नियमात बसत होता की नाही, कोण जाणे. पण तो मनापासून आला होता.

मावशीने कप विसळला, उपडा घातला. "तुला नकाशा काढता येतो ना. माझ्या टेबलाचा काढ. मी वाटणी कशी करते, ते कोणी विचारलं नाही मला अजून. सगळे विचारतात, वाचता न येता कशी केलीस. म्हणजे जादूच केली मी."

त्या दिवसापासून वही दाराच्या आत आली, पण मावशीच्या हुकमाने. एक मोठा कागद, टेबलाएवढाच. मावशी कपडा उचलायची आणि फूटपट्टीचं बोट त्यावर ठेवायची. लहान मुलांच्या वॉर्डाची उशीची खोळ चार बोटं आखूड. बाळंतिणींच्या चादरीला दुहेरी शिवण, कारण ती जास्त वेळा धुतली जाते. भाजलेल्यांच्या वॉर्डाचं कापड इतकं मऊ की घडी धरत नाही. त्यावर कधीही दुसरा गठ्ठा ठेवायचा नाही. शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी नुसत्या रंगावर ओळखायच्या नाहीत, कारण दोन खोल्यांचा हिरवा एकच असतो. एकीच्या चादरीला बंदासाठी चार भोकं, दुसरीला सहा. पट्ट्यांवरची नावंही ती ओळखायची, चित्र ओळखावं तशी. "हे नाव लांब, शेवटी शेपूट. हे आखूड, डोक्यावर दोन शिंगं." शिवाय कुठल्या वॉर्डाला शुक्रवारी जास्त लागतं, कुठली परिचारिका जास्तीची मागून ठेवते, कुठल्या फळीला ओल येते.

फूटपट्टी लिहीत नव्हती, काढत होती. चौदा फळ्या, चौदा चित्रं, शिवणीची, भोकांची, कडांची. एकदा मावशीने एक टॉवेल नाकापाशी नेला आणि बाजूला केला.

"हा का बाजूला?" फूटपट्टीने पेन्सिल उचलली.

"हे नको काढूस."

"बरं."

"का ते नाही विचारलंस."

"नाही विचारायचं असतं."

मावशीने पुढचा टॉवेल उचलला. "सगळंच कागदावर दिलं तर उद्या मला सुट्टीवर पाठवतील," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

सोमवारी मॅनेजर टेबलापाशीच आले. मावशी, मुकादमबाई, बाई आणि फूटपट्टी एवढ्याच उभ्या होत्या. बाई भिंतीपाशी, सगळ्यांच्या मागे. कागद टेबलावर पसरला होता. मॅनेजरांनी तो डावीकडून उजवीकडे पाहिला, मग परत पाहिला. हिरव्या चादरींपाशी थांबून त्यांनी दोन चादरी मागवल्या आणि भोकं मोजली. चार. सहा.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "फारच छान आहे हे. कोणी बनवलं?"

फूटपट्टी गप्प राहिली. गप्प राहणं तिला त्या दीड वर्षात सगळ्यात कठीण गेलं असेल, तर ते त्या क्षणी.

"मी," मावशी म्हणाली. "हिने पेन्सिल धरली."

मॅनेजरांनी मान डोलावली. पण माणूस नियमाने बांधलेला होता. "उद्या नवीन वॉर्ड सुरू झाला, नवीन पट्टी आली, तर काय करणार मावशी?"

"विचारीन. वाचता येणारेही विचारतातच की."

"चूक झाली तर? एक चादर चुकीच्या खोलीत गेली तर मी काय उत्तर देऊ?"

 होणार नाही असं मावशी म्हणू शकली असती, पण असं कोण म्हणू शकतं. ती टेबलाची कड हाताने पुसत राहिली. फूटपट्टीने बाईंकडे बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली: थांब.

बोलल्या त्या मुकादमबाई.

"साहेब, चूक झालीय तशी. माझ्या आठवणीत तीनदा. शस्त्रक्रियेची चादर वॉर्डात गेली, तुम्ही खुलासा मागितला होता, आठवतंय?"

"आठवतंय. टेबलावर कोण होतं?"

"तिन्ही वेळा ही सुट्टीवर होती. टेबलावर मी होते." मुकादमबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. "आणि मला वाचता येतं."

मॅनेजरांनी चादरींची भोकं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "नवीन पट्टी आली की पहिल्या दिवशी ती टेबलावर वाचून दाखवायची. ते तुम्ही कराल?"

"करीन की. मोठ्याने वाचायची मला खोड आहेच," मुकादमबाई म्हणाल्या आणि मावशीकडे बघायला त्यांना थोडा वेळ लागला.

"ठीक आहे. टेबल आहे तसं राहू दे. नियमात काय लिहायचं ते मी बघतो. आणि हा कागद इथे भिंतीवर लावायला हरकत नाही ना?" हे त्यांनी फूटपट्टीला विचारलं.

फूटपट्टीने मावशीकडे बोट केलं. मावशीने विचार केला. "लावा," ती म्हणाली. "पण खाली, माझ्या डोळ्यांसमोर. उंचावर नको."

परतताना बाई आणि फूटपट्टी बसच्या थांब्यावर उभ्या होत्या. फूटपट्टीला पुष्कळ बोलायचं होतं. बाईंच्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दल, त्या एका "थांब"बद्दल. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला माहीत होतं मुकादमबाई बोलतील?"

"छे. मला वाटलं, गेलं टेबल."

"मग मला थांबवलंत का?"

"आपण बोललो असतो तर त्यांना बोलायला जागा राहिली नसती." बस आली. चढता चढता बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून दाखवण्याच्या दिवसाआधी प्रत्येक घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचं. दाराच्या आत. तो नियम तू लिहून दे मला. तुझ्या भाषेत. माझी भाषा सात वर्षं कमी पडली."

अहवाल फूटपट्टीने आठवड्यात लिहिला. दारापर्यंतचा नकाशा त्यात नव्हता. तिथे सहा गल्ल्या आणि सहा आकडे होते. बाकी सगळी हकीकत होती. विद्यापीठात द्यायच्या आदल्या दिवशी ती तो घेऊन घडीमावशीच्या दारात गेली. या वेळी दार उघडंच होतं. मोडक्या पायरीच्या शाबूत अर्ध्यावर बसून तिने नऊची नऊ पानं मोठ्याने, पण शेजारी जाणार नाहीत इतक्या आवाजात, वाचून दाखवली.

मावशी मध्ये एकदा "हं" म्हणाली, एकदा "हे खरं आहे" म्हणाली. संपल्यावर पाय चोळत बसली.

"काही काढायचंय का?" फूटपट्टीने विचारलं.

"काढायचं नाही. राहिलंय."

"काय?"

"मुकादमबाई काय बोलल्या ते कुठाय? तू लिहिलंयस, चर्चेनंतर निर्णय झाला. चर्चा कुठली? त्यांनी स्वतःच्या चुका साहेबांसमोर सांगितल्या. मी नसते सांगितल्या."

फूटपट्टीने पान पाहिलं. तसंच लिहिलं होतं तिने. मुकादमबाईंची अडचण होऊ नये म्हणून गाळलं, असं तिला वाटलं होतं. पण त्यांना न विचारताच ते तिने ठरवून टाकलं होतं. ती लगेच पेन उघडून बसली. "आत्ता घालते. तीन चुका, सुट्टी, सगळं."

मावशीने तिच्या पेनवर हात ठेवला.

"मी कोण सांगणार घाल म्हणून? आणि तू कोण घालणार? चुका त्यांच्या आहेत. आधी त्यांना विचारून ये." तिने आत वळून घड्याळाकडे बघितलं. "साडेचारला पाळी सुटते त्यांची. आत्ता निघालीस तर गाठ पडेल. आणि हे बघ, नुसतं विचारू नकोस. त्यांच्यासमोर वाचून दाखव."

फूटपट्टीने पानं गोळा केली, कडेला कड लावली आणि धुलाईघराच्या दिशेने चालू लागली.